अकरा रावण आणि एक पाहुणा राक्षस

“तुमच्या पोरीनं अकरा रावन केलेत,” धर्माबाबा म्हणाले. “एका लंकेत अकरा. आता त्यांना नाचवनार कोन, ते सांगा.”

मी बालवाडीच्या दारात उभी होते. टोकावड्याला एसटीतून उतरून डोंगराच्या दिशेनं चालत आले होते, चैत्रातलं ऊन डोक्यावर होतं, आणि अजून कोणी पाणीही विचारलं नव्हतं. त्यावरूनच ओळखलं, प्रकरण गंभीर आहे. या वाडीत आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे जवळजवळ शिवी दिल्यासारखं.

भिंतीवर खिळ्यांना ओळीनं अकरा मुखवटे टांगलेले होते. सगळे रावण. एकाच्या मिशा इतक्या लांब की शेजारच्या रावणाच्या गालावर गेलेल्या. एक रावण चक्क हसत होता. एकाच्या वेळी लाल रंग संपला असावा, कारण त्याचं अर्धंच तोंड रागावलेलं होतं. आणि ओळीच्या शेवटी, कोपऱ्यात, बारावा मुखवटा. हा रावण नव्हता. दुधी भोपळ्याएवढं नाक, खाली लोंबणारा एकच दात, डोक्यावर वाळल्या गवताचे केस, आणि चेहऱ्यावर असा भाव की याला आत्ताच कोणीतरी झोपेतून उठवलं आहे.

“आणि हा कोण?” मी विचारलं.

“तो तिचा सोताचा. तिलाच विचारा. आमच्यात असला कोनी नाय.”

धर्माबाबा म्हणजे वाडीतले सगळ्यांत जुने गृहस्थ. देऊळ त्यांच्याकडे, देवळातला बोहाडा त्यांच्याकडे, आणि देवळाच्या मंडपालगतची ज्या खोलीत आमची बालवाडी भरायची ती खोलीही त्यांनीच दिलेली. एरवी या वेळी तिथे इतका गलका असायचा की बोलायला बाहेर यावं लागे. आज दारात एकही चप्पल नव्हती. आत फळ्याखाली इंग्रिड एकटी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. सहा फुटी माणूस असा बसला की घडी घातलेल्या शिडीसारखा दिसतो.

आता मी कोण आणि इंग्रिड कोण, ते सांगते.

मी मूळची शहापूरची, शेतकऱ्याची मुलगी. मुरबाडच्या एका छोट्या संस्थेत प्लेसमेंट को-ऑर्डिनेटर होते. परदेशातून आमच्याकडे अठरा-एकोणीस वर्षांची मुलं यायची. तिकडे बारावी झाली की कॉलेजाआधी एक वर्ष मोकळं घेतात, जग बघतात, कुठेतरी लहान मुलांमध्ये काम करतात. त्याला म्हणतात गॅप इयर. आमच्याकडेही मध्ये वर्ष जातं, पण त्याला नापास म्हणतात आणि जग दाखवायला मामाकडे पाठवतात.

प्लेसमेंट म्हणजे कोणाला कुठल्या गावात, कुठल्या मुलांत, कुणाच्या घरी ठेवायचं ते ठरवणं. थोडक्यात मी लग्नं जुळवत असे. फरक एवढाच की माझ्या वधूंना दाराची चौकट लागायची आणि मिरचीनं रडू यायचं.

ही गोष्ट दोन हजार साल उलटून गेल्यावरची. मुरबाडला मोबाइल आले होते, पण टोकावड्याच्या पुढे ते फक्त घड्याळ म्हणून चालत.

इंग्रिड नॉर्वेची. आमच्याकडे येण्याआधी मुंबईतल्या एका इंग्रजी शाळेत तिची प्लेसमेंट झाली होती. ती तिनं स्वतःच सोडली. का, असं विचारल्यावर म्हणाली, “तिथे सगळे मला ‘हाऊ आर यू’ विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत.” मी तिला या वाडीत आणून बारकीआजीच्या घरी ठेवलं. घरात बारकीआजी आणि तिची नात सोमी, दोघीच. सोमीचे आईबाप कल्याणला बांधकामावर. पहिल्या आठवड्यात इंग्रिडनं कपाळ तीनदा चौकटीवर आपटलं. मग पोरांनीच चौकटीला लाल चिंधी बांधली, रेल्वे फाटकाला असते तशी.

महिन्याभरानं मी गेले तेव्हा ती मला मराठीत म्हणाली, “इथं ‘जेवलीस का’ विचारतात. मी सांगते हो. मंग विचारतात काय जेवलीस.”

तिचं मराठी सगळं चार-पाच वर्षांच्या पोरांकडून आलेलं. ‘कृपया’ हा शब्द तिला माहीत नव्हता, पण ‘माझा नंबर हाय’ आणि ‘ह्यानं मला चिमटा काढला’ ही वाक्यं ती अस्खलित बोलायची. बालवाडीतली मुलं तिच्या दोन बोटांना दोन, अशी चालायची. मी बऱ्याच प्लेसमेंट केल्या. अशा बसलेल्या फार थोड्या.

तर, मुखवटे. चैत्र लागला की आमच्या भागातल्या काही गावांत बोहाडा असतो. देवदेवता, राक्षस, वीर यांचे मोठे मुखवटे घालून लोक संबळाच्या तालावर देवळासमोर नाचतात. रात्रीपासून पार उजाडेपर्यंत. त्या प्रत्येक रूपाला सोंग म्हणतात. प्रत्येक गावची रीत वेगळी, पण या वाडीत सोंग घराण्याचं असतं. रावण एका घरचा, मारुती दुसऱ्या घरचा, नरसिंह धर्माबाबांचा. बाप थकला की मुलगा तेच सोंग घेतो. जमीन वाटली जाते, सोंग वाटलं जात नाही.

बोहाडा जवळ आला म्हणताना इंग्रिडनं पोरांना विचारलं, काय बनवायचं? पोरं एकमुखानं म्हणाली, रावण. मी मुरबाडहून पाठवलेली रद्दी, तांदळाची खळ आणि पालथी घातलेली मडकी. त्यावर कागदाचे थर, उन्हात वाळवण, मग रंग. पोरांचं बघून इंग्रिडलाही सुरसुरी आली आणि तिनंही एक केला. शेवटी तिनं कात्रीनं सगळ्यांचे डोळे पाडले, भिंतीला खिळे मारले आणि प्रदर्शन मांडलं. जगातल्या कुठल्याही बालवाडीत हेच झालं असतं. कुठल्याही बाईंनी शाबासकी दिली असती.

“चूक काय झाली, ते सांगा ना,” मी धर्माबाबांना म्हटलं.

“डोळे पाडले.”

“मग?”

“डोळे पाडले की तो कागद ऱ्हात नाय, ताई. मंग तो सोंग. डोळे उघडून तो आला. आता आलेल्याला नाचवायचं, पाणी घालायचं, परत धाडायचं. आमी वरसानुवरस तेच करतो.” ते भिंतीकडे बघून थांबले. “तुमी पाव्हना घरी बोलवाल, नि खिळ्याला टांगून ठेवाल का?”

 

आणि टांगल्यानंतर चौथ्या दिवशी सोमीला ताप आला. अंगावर फोड उठले. टोकावड्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले कांजिण्या, सगळीकडे साथ आहे. वाडी म्हणाली बाय आली, म्हणजे देवी. दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत एकही पोर आलं नाही.

मी बारकीआजीकडे गेले. ती चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होती. सोमी आत कडुलिंबाच्या पाल्यावर निजलेली, अंगभर फोड आणि तोंडात गूळ. मला बघून हसली. ताप उतरलेला होता.

“आजी, इंग्रिडशी बोलत नाहीस म्हणे.”

“जेवाया देते ना.”

“देतेस. पण विचारत नाहीस, जेवलीस का म्हणून. ती मला रडून सांगत होती.”

भाकरी तव्यावर पडली.  मग हात धुताना आजी म्हणाली, “आमच्या घरात सोंग नाय, ताई. माझा सासरा घाटावरनं आला, जुन्नरकडनं. आख्ख्या वाडीत बिनसोंगाचं आमचंच येक घर. बोहाड्याला समदे नाचतात, आमी मागं उभं ऱ्हाऊन बगतो. नवरा गेला तो बी बगतबगतच गेला. नि तिनं माझ्या सोमीला तोंड बनवाया लावलं, डोळे पाडले. मला विचारलं का? बाय आमच्यावरच येनार ना मंग.”

“डॉक्टर म्हणाले कांजिण्या आहेत.”

“मी कुठं नाय म्हनते. दागतरची गोळी बी देते. नि सोंग बी नाचलं पायजे. दोगांचं भांडान हाय का काय?”

टोकावड्याच्या एसटीडी बूथवरून मी आमच्या डायरेक्टर सरांना फोन लावला. ते पुण्याला बसत. बूथवाला कान टवकारून ऐकत होता. त्याला त्या दिवशी पैसे न देता नाटक बघायला मिळालं.

“शैला, प्रॉब्लेम काय आहे?”

“सर, राक्षस.”

“काय?”

“अकरा रावण आणि एक नॉर्वेचा. नाचवल्याशिवाय मुलं येणार नाहीत.”

 सर शांतपणे म्हणाले, “मुलं येत नाहीत, एवढंच मला कळलं. आपलं काम मुलांमध्ये आहे. मुलं नसतील तर प्लेसमेंट कसली? तिला शिफ्ट कर.”

“सर, पंधरवड्यानं बोहाडा आहे. तेवढं थांबू या.”

“आणि नंतर?”

“नंतर मुलं येतील.”

“आली तर ठेव. नाही आली तर त्यानंतरच्या सोमवारी तिला पुण्याच्या गाडीत बसव. इथे एक शाळा आहे, चांगली आहे, इंग्लिश मीडियम.”

सर बरोबर होते, हीच पंचाईत होती. मी परत जाऊन इंग्रिडला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पुण्याला ‘हाऊ आर यू’ विचारतील.” आणि उठून देवळाकडे निघाली. मला धावत मागे जावं लागलं. तिचं एक पाऊल म्हणजे माझी दोन.

धर्माबाबा मंडपात दोरी वळत बसले होते. इंग्रिड त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “बाबा, चुकलं. आता काय करू? माझा नंबर हाय, मी करते.”

धर्माबाबांच्या मिशा हलल्या. ते हसू होतं, पण त्यांनी ते दोरीत वळून टाकलं.

“अकरा रावनांचं सोपं हाय,” ते म्हणाले. “रावनाला तोंडं दहा. आमचा रावन लाकडाची दहा तोंडं डोक्यावर घेऊन मान मोडून घेतो दरसाल. या साली त्याची तोंडं आपल्या पायानं चालतील.”

“पण पोरं अकरा आहेत,” मी म्हटलं.

“येकाला कुंभकर्न करू. भाऊच हाय तो.” त्यांनी दोरी बाजूला ठेवली. “कठीन हाय ते तुझं. तो कोन? राम का रावन? देवाकडचा का राकसाकडचा? सोंग नाचवायचं तं त्याचं नाव लागतं, गोष्ट लागते.”

इंग्रिड सरसावून बसली. मला तिचं ते मराठी जसंच्या तसं आठवतं.

“ट्रोल. डोंगरात ऱ्हातो. लय मोठा. लय येडा. रातीला फिरतो. सूर्य त्याला दिसला ना, की दगड होतो. आमच्या गावात डोंगर हाय, त्याला नाक हाय. तो ट्रोल हाय. सकाळी घरी जायाला उशीर झाला.”

धर्माबाबांचा चेहरा बदलला. ते उठले, मंडपाच्या कडेला गेले आणि घाटाकडे बोट केलं. मुरबाडच्या त्या अंगाला राहणाऱ्या प्रत्येकानं तो सुळका पाहिलेला असतो, नाणेघाटाच्या माथ्यावर अंगठ्यासारखा उभा राहिलेला.

“मंग तो कोन?” त्यांनी विचारलं. “तो काय हौसेनं उभा हाय तिथं? माझा आजा सांगायचा. डोंगऱ्या राकस व्हता. बोहाडा बघाया खाली उतरला. नाचता नाचता घरी जायाचं इसरला. अर्ध्या वाटेत सूर्य वर आला.”

इंग्रिडनं सुळक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत सुळक्याकडे. “सेम हाय,” ती हळूच म्हणाली.

ही गोष्ट धर्माबाबांनी आजाकडून ऐकली होती की त्या क्षणी रचली, हे मला आजवर कळलेलं नाही. मी पुढे इतकी वर्षं त्या भागात फिरले, दुसऱ्या कोणाच्या तोंडून ती ऐकली नाही. त्यांना विचारायची मात्र कधी हिंमत झाली नाही. अशा गोष्टींचा उगम शोधायला जाऊ नये, पाणी गढूळ होतं.

“पण ती बाई आहे, बाबा,” मीच आठवण दिली. बोहाड्यात सोंगं पुरुषच घेतात, देवीचंसुद्धा.

“मुखवट्यात बाय नाय नि बुवा नाय,” धर्माबाबा म्हणाले. “आत गेल्यावर आत जो असंल तो. अडचन ती नाय. अडचन येगळीच हाय.”

ती अडचण अशी. सोंग नाचून झालं की ते ज्या घरचं असेल त्या घरची बाई तांब्या घेऊन पुढे येते, सोंगाच्या पायांवर पाणी घालते आणि मुखवटा उतरवते. तेव्हा आतला माणूस परत माणूस होतो. दुसऱ्या कोणी मुखवट्याला हात लावायचा नाही. स्वतः तर नाहीच.

“पोरांची तोंडं रावनाच्या घरची बाय उतरवंल, ते झालं. पन डोंगऱ्याचं घर कुठलं?”

“नॉर्वे,” इंग्रिड म्हणाली.

“तिथनं तांब्या घेऊन कोन येनार?”

 शेवटी धर्माबाबांनी दोरी परत हातात घेतली. “बगू,” ते म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. देवावर सोडलं.

बोहाड्याच्या दिवशी मी सकाळपासून तिथेच. दिवेलागणीला संबळ वाजला, पिपाणी सुरू झाली, गणपतीचं सोंग आलं, शारदा आली. आणि मग धर्माबाबांनी खास त्या साली नंबर पुढे घेतल्यानं रावण आला. पुढे रावणाच्या घरचा दांडगा गडी, मोकळ्या मानेनं, फार खुशीत. आणि त्याच्या मागे ओळीनं, एकमेकांच्या सदऱ्यांना धरून, त्याची तोंडं. मोठ्या मिशांचं, हसणारं, अर्धं रागावलेलं. संबळ थांबला की ती थांबायची. त्यानं डावीकडे वळून आरोळी ठोकली की मागून दहा बारीक आवाज आरोळी ठोकायचे. एका तोंडाला मध्येच आई दिसली आणि ते रांग सोडून तिच्याकडे गेलं. रावणानं स्वतः जाऊन आपलं तोंड परत आणलं. लोक हसून हसून बसले.

अकरावी सोमी. कांजिण्यांच्या खपल्या नुकत्याच पडलेल्या, अंगात शक्ती नाही. दोन पावलं नाचली आणि मुखवट्यासकट मंडपाच्या पायरीवर टेकून झोपून गेली. धर्माबाबांनी तिच्याकडे बोट करून लोकांना सांगितलं, “हा कुंभकर्न. सहा म्हैनं कोनी उठवू नका.” बारकीआजीनं तिला उचलून मांडीवर घेतलं. इंग्रिड जवळच उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मधली रात्र मी सांगत बसत नाही. सोंगं आली, सोंगं गेली. पहाटेला देवी आली, महिषासुर पडला, आणि एरवी तिथे बोहाडा संपतो.

पण आमच्या त्या भागात एक गंमत आहे. पूर्वेला घाटाची भिंत. उजाडतं आधी आणि सूर्य येतो बऱ्याच उशिरानं, त्याला घाट चढून यावा लागतो. तेवढा वेळ सगळं दिसतं, पण कशालाही सावली नसते. एरवी या वेळात लोक घोंगड्या झटकतात, चहा पितात. धर्माबाबांनी हात वर केला. कोणी उठलं नाही. तो मधला वेळ त्यांनी डोंगऱ्याला दिला होता.

इंग्रिड देवळामागून आली. अंगावर काळी घोंगडी, वर तो मुखवटा. सहा फूट आणि वर गवताचे केस. पुढे बसलेल्या बायका अक्षरशः मागे सरकल्या. संबळवाला क्षणभर अडला, कारण प्रत्येक सोंगाचा ताल ठरलेला असतो आणि याचा कोणाला माहीत नव्हता. मग त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. ती एक पाय जड टाकत होती आणि दुसरा जरा उशिरा. त्यानं तोच ताल धरला. आजही तो ताल तिथे डोंगऱ्याचा म्हणूनच वाजतो.

ती नाचली. चांगली नाचली असं म्हणणार नाही. वेंधळी, मोठी, आनंदी, बोहाडा बघायला खाली उतरलेला एक राक्षस नाचेल तशी. पोरं खिदळत मागे धावू लागली.

आणि मग दूर, पार रस्त्याच्या पलीकडे, शेतं उजळली.

घाटामागून सूर्य वर येतो तेव्हा ऊन आधी लांबच्या शेतांवर पडतं. घाटाची सावली मग हळूहळू डोंगराकडे मागे सरते आणि उन्हाची रेघ शेताशेतावरून चालत तुमच्याकडे येते. मी जन्मल्यापासून ते बघत आले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रेघ खळ्यावर आली. पोरांना गोष्ट माहीत होती. त्यांनीच ओरडायला सुरुवात केली, “आला, आला, पळ गो, सूर्य आला.” डोंगऱ्यानं मान वळवली. पळायला गेला, पण नाच सुटेना. रेघ विहिरीवरून आली, देवळाच्या अंगणात शिरली, लोकांच्या डोक्यांवरून सरकली. आधी त्या भल्या मोठ्या नाकावर ऊन पडलं, मान थांबली. हात वर उचललेला होता, तो तसाच राहिला. हात वर उचललेला होता, तो तसाच राहिला. शेवटी ऊन पायांवर उतरलं, पाय थांबले आणि संबळ थांबला.

तिच्यामागे, वर, आभाळाला टेकलेला तो सुळका. तोही तसाच, अंग थोडं कलतं करून उभा. इतक्या माणसांत एक पोर रडलं नाही. माझ्या शेजारचा म्हातारा हात जोडून बसला होता, कोणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी नाटकवेडी बाई आहे, पुण्या-मुंबईची बरीच नाटकं पाहिलीत. तेवढी शांतता मी कुठल्या थिएटरात ऐकली नाही.

आणि ती शांतता संपेना.

कारण पुढे काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. दगड झालेला हलणार कसा? मुखवटा स्वतः काढायचा नाही, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, आणि घर सात समुद्रांपलीकडे. मी धर्माबाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. इंग्रिडचा वर धरलेला हात हळूहळू खाली येऊ लागला. मी उठणार होते. खरंच उठणार होते. तेवढ्यात मागच्या बाजूला, जिथे बिनसोंगाची माणसं उभी राहतात तिथे, हालचाल झाली.

बारकीआजी आली. कमरेवर झोपाळलेली सोमी, हातात तांब्या. गर्दीनं वाट दिली. तिनं सोमीला खाली उतरवलं आणि डोंगऱ्याच्या पायांवर पाणी घातलं. आधी उजव्या, मग डाव्या. मग टाचा उंचावून हात वर केले. हात मुखवट्याच्या हनुवटीपर्यंतही पोहोचेनात.

“वाक गो जरा,” आजी म्हणाली. “दगड झालीस तरी ऐकू येतंय ना.”

दगड वाकला. आजीनं मुखवटा उतरवला. आतून लाल, घामानं डबडबलेला, एकोणीस वर्षांच्या मुलीचा चेहरा बाहेर आला. आजीनं पदरानं तो पुसला, जरा जोरातच, सोमीचा पुसते तसा.

“जेवलीस का?” तिनं विचारलं.

रात्रीपासून कोणीच काही खाल्लं नव्हतं. वाडी हसली. इंग्रिड मात्र रडायला लागली आणि रडतरडतच तिनं मान हलवून सांगितलं, नाय.

धर्माबाबा उभे राहिले. एवढंच म्हणाले, “सोंग बारकीच्या घरचं.” कोणी हरकत घेतली नाही. मुखवटा काखेत धरून आजी घराकडे निघाली. मागून इंग्रिड, खांद्यावर सोमी. चौकटीशी आल्यावर इंग्रिड वाकली. लाल चिंधी न बघताच.

त्याच सकाळी, थोड्या वेळानं, मी बालवाडीच्या दारात जाऊन बसून राहिले. एक पोर आलं नाही. मी मनात पुण्याच्या गाडीचा टाइम आठवत होते. उन्हं चढली, तरी कोणी नाही. इंग्रिड फळ्यावर फूल काढत बसली होती, तेच तेच पुसून परत. मग दुपारी उशिरा पहिली चप्पल आली. मग दुसरी. बोहाड्यानंतर अख्खी वाडी दुपारपर्यंत झोपते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मीही रात्रभर जागलेच होते की.

टोकावड्याच्या बूथवरून मी सरांना फोन केला.

“मुलं आली?”

“आली, सर.”

“किती?”

“रावणाची सगळी तोंडं. आणि कुंभकर्ण.”

सर म्हणाले, “शैला, तू रजा घे.” पण प्लेसमेंट टिकली.

इंग्रिड भाताची आवणी, म्हणजे लावणी, होईपर्यंत होती. चिखलात उतरून तिनं रोपंही लावली. तिच्या हातची ओळ वाकडी यायची आणि पोरं ती परत लावायची. मग ती गेली. तिकडे डॉक्टर झाली असं ऐकलं. मुखवटा बारकीआजीच्या घरात, जुन्या लुगड्यात गुंडाळून, माळ्यावर. उंदरांपासून त्याला जेवढं जपलं गेलं, तेवढं मी माझ्या सर्टिफिकेटांनाही जपलेलं नाही.

त्या नोकरीतलं माझं शेवटचं वर्ष होतं तेव्हा मी परत बोहाड्याला गेले. सोमी दहा-अकरा वर्षांची झाली होती. उजाडलं, सूर्य अजून घाटामागे होता. देवळामागून डोंगऱ्या आला, यावेळी बराच बुटका, घोंगडी जमिनीवर लोळणारी, नाक मात्र तेच. एक पाय जड, दुसरा उशिरा. उन्हाची रेघ शेतांवरून चालत आली, तिनं त्याला गाठलं आणि तो थांबला. सुळकाही मागे होताच.

बारकीआजी पार वाकली होती. पण यावेळी हात पोहोचले.

मला एकदा कोणीतरी विचारलं, परदेशातली ही पोरं सहा महिने येतात, मुलांशी खेळतात आणि जातात, मागे काय उरतं? बऱ्याच वेळा काही उरत नाही, हे खरं आहे. मी उगाच मोठं करून सांगणार नाही. पण त्या वर्षापासून नव्या पोरांच्या ओरिएंटेशनमध्ये, म्हणजे गावात पाठवण्याआधी आम्ही जे चार शब्द सांगतो त्यात, मी एक सूचना वाढवली. पाणी उकळून प्या, गुडघे झाका, आणि मुलांबरोबर काय वाटेल ते बनवा. फक्त त्याचे डोळे पाडण्याआधी शेजारच्या आजीला विचारा. कारण नंतर त्याला जेवायला घालावं लागतं.